बत्तीस अक्षरं, सोळा ओळी: शिफ्ट रजिस्टरवरच्या टर्मिनलच्या नोंदी

७ जानेवारी २०२४

आज जुन्या बाजारात नऊ इंची काळा-पांढरा मॉनिटर मिळाला. कुठल्यातरी जुन्या सीसीटीव्हीचा असावा. ४०० रुपये. घरी आणून लावला, पडदा उजळला. तेवढंच हवं होतं.

काम असं आहे. १९६९-७० च्या सुमाराला पडद्याचं टर्मिनल (दूरच्या कॉम्प्युटरशी बोलायचा पडदा आणि कीबोर्ड) ज्या पद्धतीने बनायचं, त्या पद्धतीने एक बनवायचं. मायक्रोप्रोसेसर नाही, रॅम नाही. पडद्यावरची अक्षरं शिफ्ट रजिस्टरमध्ये, म्हणजे दर ठोक्याला बिट एक घर पुढे सरकवणाऱ्या चिपांच्या साखळीत, गोल गोल फिरत राहणार आणि जे अक्षर समोर येईल ते दिसणार.

डोक्यात आहे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोची कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन. फिल रे आणि गस रोश यांनी ती १९६८ मध्ये काढली. त्या वेळी दूरच्या कॉम्प्युटरशी बोलायला बहुतेक ठिकाणी टेलिटाइप मॉडेल ३३ असायचं: सेकंदाला दहा अक्षरं, कागदाचं रीळ आणि भरपूर आवाज. यांनी त्याच्याच तारेला जोडता येईल असा पडदा बनवला, डेटापॉइंट ३३००. २५ ओळी, प्रत्येक ओळीत ७२ अक्षरं. टेलिटाइपच्या जागी हा ठेवला तरी पलीकडच्या कॉम्प्युटरला काही कळायचं नाही. त्याची सगळी स्मृती शिफ्ट रजिस्टरची होती. ती पद्धत पुस्तकात वाचून मला नीट कळत नव्हती, म्हणून हा खटाटोप.

१३ जानेवारी

कागदावरचा हिशोब झाला. ७२ × २५ झेपणार नाही. ३२ × १६ ठरवलं, म्हणजे ५१२ अक्षरं. फक्त मोठी रोमन लिपी, आकडे आणि चिन्हं, म्हणून अक्षराला ६ बिट. एकूण ३०७२ बिट.

आज सहज मिळणारी लांब शिफ्ट रजिस्टर चिप म्हणजे सीडी४५१७. एका चिपमध्ये ६४ बिटांचे दोन तुकडे. एका बिटच्या ५१२ जागांसाठी चार चिप, सहा बिटांच्या २४. शिवाय ओळ धरून ठेवायला तीन. एकूण २७. आज हे सगळं एका छोट्या रॅम चिपमध्ये मावून वर जागा उरते. पण इंटेलची ११०३, म्हणजे १०२४ बिटांची रॅम, बाजारात आली तीच १९७० मध्ये. ३३०० आखताना त्या लोकांपुढे ती नव्हती.

वेळेचं गणित इतकं सुबक जमलं की इथे पूर्ण लिहिते. ६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, एक ठोका म्हणजे एक ठिपका. अक्षर ५ ठिपके रुंद, १ ठिपका मोकळा, म्हणजे एका अक्षराला बरोबर १ मायक्रोसेकंद. आपल्याकडच्या टीव्हीची आडवी रेघ ६४ मायक्रोसेकंदांची, म्हणून रेघेत ६४ अक्षरांची जागा, त्यातली ३२ दाखवायची. उभ्या दिशेला अक्षराच्या एका ओळीला १२ रेघा आणि २६ ओळी, म्हणजे ३१२ रेघा. सेकंदाला जवळजवळ ५० चित्रं. पडद्याची साधारण साठ टक्केच रुंदी वापरली जाते, ते चालवून घेणार आहे.

खर्चाचा अंदाज ५,००० रुपये.

२१ जानेवारी

बुधवार पेठेतल्या एका दुकानातून ३० चिप आणल्या, ९५ रुपयांना एक. त्यातल्या ७ निकामी निघाल्या. दोघींवर तर छापच वेगळा होता, अंगठ्याने घासला की पुसला जात होता. परत घ्यायला दुकानदाराने नकार दिला. ६६५ रुपये गेले.

पण नुकसान चाचणी केल्यामुळे कळलं, हे महत्त्वाचं. एक छोटी चाचणीपट्टी बनवली: चिप सॉकेटमध्ये बसवायची, एक बिट आत सोडायचा, ६४ ठोके द्यायचे आणि तो बरोबर चौसष्टाव्या ठोक्याला बाहेर येतो का बघायचं. दोन संध्याकाळी गेल्या. हे न करता चिप थेट बोर्डावर सोल्डर केल्या असत्या तर २७ मधली कुठली खराब हे शोधण्यात महिना गेला असता. आणखी १२ चिप बाहेरच्या वितरकाकडून मागवल्या, १४० रुपयांना एक. त्या सगळ्या चांगल्या निघाल्या.

२८ जानेवारी

चित्राचा सांगाडा तयार झाला, म्हणजे नुसता पांढरा चौकोन. पण तो दर काही सेकंदांनी उडी मारायचा.

चूक मोजणीत होती. २६ ओळी झाल्या की मोजणी शून्यावर आणायला मी ७४एचसी३९३ वापरली होती. तिचं रीसेट क्लॉकची, म्हणजे ठोक्याची, वाट बघत नाही. मोजणी बदलताना मधेच क्षणभर चुकीचा आकडा दिसतो, तेवढ्यात रीसेट लागतं आणि कधी कधी ओळ आधीच संपते. त्या जागी दोन ७४एचसी१६३ घातल्या, ज्या क्लॉकच्या ठोक्यालाच बदलतात. उडी थांबली. साडेपाच तास.

सिंक (रेघ आणि चित्र कुठे सुरू होतात ते मॉनिटरला सांगणारा इशारा) आणि चित्र एकत्र करायला दोन रेझिस्टर पुरतात: सिंकला १०००, चित्राला ४७० ओहम, आणि मॉनिटरच्या आतले ७५. यासाठी वेगळी चिप विकत घेऊ नका.

४ फेब्रुवारी

अक्षरांचे आकार. त्या काळी यासाठी सिग्नेटिक्सची २५१३ नावाची चिप असायची, ६४ अक्षरं, ५ × ७ ठिपके. ती आता नीट मिळत नाही, म्हणून ईईप्रॉममध्ये, म्हणजे भरलेलं वीज गेल्यावरही टिकवणाऱ्या चिपमध्ये, आकार भरले. पहिल्या वेळी सगळी अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आली. तारा सोडवण्याऐवजी फाइलमधले बिट उलटे करून चिप पुन्हा भरली, दहा मिनिटांत काम झालं.

११ फेब्रुवारी ते १० मार्च

हे चार आठवडे एकाच नोंदीत लिहिते, कारण मधल्या काळात लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं.

आधी रचना सांगते. अक्षराची एक ओळ पडद्यावर सात रेघांमध्ये काढली जाते, म्हणून तीच ३२ अक्षरं सात वेळा लागतात. ५१२ अक्षरांचं मोठं वर्तुळ मागे फिरवता येत नाही. त्यासाठी ३२ अक्षरांचं छोटं वर्तुळ वेगळं ठेवायचं. ओळीच्या पहिल्या, रिकाम्या रेघेत मोठं वर्तुळ ३२ घरं पुढे सरकतं आणि छोटं भरतं. मग मोठं थांबतं, छोटं सात वेळा फिरतं. सोळा ओळी झाल्या की मोठ्याचीही बरोबर एक फेरी पूर्ण होते.

हे ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता तारा खोचायच्या पट्टीवर) जोडलं आणि अक्षरं टिकेनात. काही सेकंद ठीक, मग शब्द बदलायचे. हात जवळ नेला की जास्तच.

पहिला आठवडा विजेवर संशय घेण्यात गेला. प्रत्येक चिपला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. तो लावायलाच हवा होता, पण रोग तो नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात हाताचा परिणाम का होतो ते सापडलं. सीडी४५१७ ला राइट एनेबल नावाची पिन आहे. ती शून्यावर असली की चिप सरळ चालते. वर गेली की मधल्या बाहेर येणाऱ्या पिना आत घेणाऱ्या होतात. मी तीन चिपवर ती मोकळी सोडली होती. सीमॉसची मोकळी पिन हवेतलं काहीही पकडते. तिन्ही जमिनीला जोडल्या. हाताचा त्रास गेला, शब्द बदलणं राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात ब्रेडबोर्डवर ठपका ठेवला आणि सगळं झिरो पीसीबीवर सोल्डर केलं. चार रात्री. शब्द तसेच बदलत राहिले, उलट थोडे जास्त.

शेवटी नुसतं बघत बसण्याऐवजी काय बदलतंय ते लिहून काढलं. मी रोमन लिपीत ‘पुणे’ लिहिलं होतं: पी, यू, एन, ई. त्याचं झालं पी, टी, ओ, डी आणि पुढच्या रिकाम्या जागी उद्गारचिन्ह. सहाही बिट कागदावर एकाखाली एक मांडले. पाच बिट जिथल्या तिथे होते. फक्त सर्वांत खालचा बिट एक घर उजवीकडे सरकला होता. म्हणजे स्मृती काही विसरत नव्हती. त्या एका बिटच्या चार चिपांनी क्लॉकचा एक ठोका चुकवला होता, आणि तिथून पुढे तो बिट बाकीच्यांच्या कायम मागे चालत होता.

मित्राच्या कॉलेजमधून दोन दिवसांसाठी ऑसिलोस्कोप आणला. क्लॉकच्या तारेवर चौकोनी लाट नव्हतीच, टेकडी होती. एका ७४एचसी०४ च्या एका गेटवर मी २४ चिप, म्हणजे ४८ क्लॉक पिना टांगल्या होत्या, आणि वर एकीकडून दुसरीकडे लांबत गेलेली तार. शेवटच्या चिपपर्यंत ठोका पोचताना त्याचा चढ इतका मंद व्हायचा की चिपला तो कधी कळायचा, कधी नाही. सोल्डर करताना तार आणखी लांब झाली, म्हणून रोग वाढला होता.

उपाय: ७४एचसी२४४, म्हणजे ठोका जोरदार करून पुढे वाटणारी चिप, सहा फांद्या. एका बिटच्या चारही चिप एकाच फांदीवर, म्हणजे साखळीतल्या चिपांना ठोका एकाच वेळी मिळतो. दोन बिटांमध्ये किंचित पुढेमागे झालं तरी बिघडत नाही, कारण त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही. चिपची किंमत ३० रुपये. त्या रात्री ‘पुणे’ अकरा तास जसंच्या तसं उभं होतं. सकाळी उठून आधी तेच पाहिलं.

हे करायला घेणाऱ्यांना एकच सांगते: अक्षर बिघडलं की त्याचे बिट लिहा. माझे तीन आठवडे त्यात वाचले असते.

१७ मार्च

आता बाहेरून अक्षर आत घ्यायचं. मोठं वर्तुळ फिरतं तेव्हा कुठलं घर समोर आहे हे एक मोजणी सांगते. कर्सर कुठल्या घरात आहे हे दुसरी. दोन्ही जुळल्या की त्या एका ठोक्यापुरतं जुनं अक्षर परत आत न सोडता नवं सोडायचं.

यातली अडचण लगेच जाणवते. माझं वर्तुळ एका चित्रात एकदाच फिरतं, म्हणून सेकंदाला जास्तीत जास्त ५० अक्षरं लिहिता येतात. ३०० बॉडवर, म्हणजे तारेवरून सेकंदाला ३०० बिट आले तर, सेकंदाला ३० अक्षरं येतात, ती व्यवस्थित बसली. १२०० बॉडवर १२० येतात. त्यातली ७० हरवली, मजकुराची चाळण झाली.

स्टीव्ह वोझ्नियाकच्या ॲपल-१ कॉम्प्युटरमध्येही पडद्यामागे शिफ्ट रजिस्टरच होते आणि सेकंदाला साधारण ६० अक्षरांचीच मर्यादा होती. अमेरिकेत सेकंदाला ६० चित्रं. तो आकडा मी आधीही वाचला होता, कारण आज समजलं.

हीच वाट बघणं डेटापॉइंट २२०० च्या वाट्याला आलं, आणि तिथे ते जास्त बोचलं असणार. ३३०० नंतर त्याच कंपनीने १९७० मध्ये जाहीर केलेलं हे यंत्र. नावाला टर्मिनल, पण आत प्रोसेसर, तोही एका चिपचा नव्हे, अनेक छोट्या टीटीएल चिपांचा. पडद्यावर ८० × १२, म्हणजे पंच कार्डाचेच रकाने आणि ओळी. सुरुवातीच्या २२०० मध्ये प्रोग्रामही शिफ्ट रजिस्टरमध्ये फिरायचा. एकामागून एक सूचना आल्या तर वेग चांगला, पण उडी मारायची झाली की ती जागा फिरून येईपर्यंत थांबायचं, पूर्ण फेरीला सुमारे अर्धा मिलिसेकंद. प्रोसेसर एका वेळी एकच बिट हाताळायचा. बेरजेत हातचा खालून वर जातो, म्हणून खालचा भाग आधी. इंटेलशी मेमरी चिपचा व्यवहार होताच, त्यातून हा प्रोसेसर एका चिपवर आणायचं बोलणं निघालं. चिप वेळेत आली नाही, आली तेव्हा कंपनीच्या स्वतःच्या बोर्डापेक्षा संथ होती. कंपनीने ती वापरलीच नाही, हक्क इंटेलकडे राहिले आणि एप्रिल १९७२ मध्ये ती ८००८ म्हणून विक्रीला आली. ८००८ वरून ८०८०, पुढे ८०८६. माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये संख्येचा खालचा बाइट अजून आधी ठेवला जातो, त्याचं मूळ सॅन अँटोनियोच्या त्या फिरत्या वर्तुळात आहे. विक्टर पुअर आणि हॅरी पाइल यांनी २२०० च्या प्रोसेसरची सूचनावली आखली. त्यांची नावं आपल्याकडे कॉम्प्युटर शिकवताना कुणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वेग वाढवता येईल का? येईल. चित्राच्या खालच्या-वरच्या मोकळ्या वेळेत वर्तुळ पंधरा वेळा जास्तीचं फिरवता येतं, पण मग येणारी अक्षरं रांगेत धरायला आणखी चिप लागतात. ३०० बॉडवर थांबले. त्या काळच्या फोनलाइनच्या मोडेमचाही तोच वेग होता.

यूआर्टला, म्हणजे तारेवरून एकेक बिट घेऊन अक्षर जुळवणाऱ्या चिपला, १६ पट क्लॉक लागतो, म्हणजे ४८००. सहा मेगाहर्ट्झ भागिले १२५०. दोन ७४एचसी३९० मध्ये तो भागाकार बरोबर बसतो, वेगळा क्रिस्टल नको.

२४ मार्च

लॅपटॉपवरून लहान लिपीत हॅलो पाठवलं. पडद्यावर आलं: (%,,/

लहान अक्षरांचे वरचे बिट टाकून दिले की खालचे सहा बिट चिन्हांचे होतात. उपाय अगदी छोटा निघाला. सहावा बिट जसा आहे तसा साठवायचाच नाही. त्याऐवजी सातवा बिट उलटा करून साठवायचा. चिन्हं आणि आकडे जागेवर राहतात आणि लहान अक्षरं आपोआप मोठी दिसतात. एक इन्व्हर्टर, तोही बोर्डावर रिकामा पडलेला.

३० मार्च

ओळी वर सरकवणं. मी सर्वांत जास्त धास्ती याचीच घेतली होती, आणि शिफ्ट रजिस्टरमध्ये तेच सर्वांत सोपं आहे. मोकळ्या वेळेत वर्तुळाला ३२ ठोके जास्त द्यायचे, सगळ्या ओळी एक घर वर जातात.

पहिल्या प्रयत्नात वरून गेलेली ओळ खालून परत आली. वर्तुळच आहे, येणारच. त्या ३२ ठोक्यांमध्ये जुनी अक्षरं परत आत न सोडता रिकाम्या जागेचा कोड सोडला. झालं.

बाबा मागे उभे होते. ते तारघरात टेलिप्रिंटरवर होते. कॅरिज रिटर्न आणि लाइन फीड वेगवेगळे पाठवावे लागतात हे मी दाखवलं तर म्हणाले, “अगं, आम्ही रिटर्न दोनदा द्यायचो. दोनदा रिटर्न, मग फीड. एकदाच दिला तर गाडी परत पोचायच्या आत पुढचं अक्षर मधेच कुठेतरी उमटायचं.” मी विचारलं, “तुम्हाला हे कुणी शिकवलं होतं?” तर म्हणाले, “हातालाच माहीत असायचं.” माझ्या टर्मिनलला दुसरा रिटर्न लागत नाही, पण पाठवला तरी काही बिघडत नाही. तपासून पाहिलं.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सुरू केल्यावर पडदा वेड्यावाकड्या अक्षरांनी भरलेला असायचा, कारण चिप जागी होते तेव्हा तिच्यात काहीही असतं. सुरुवातीला सगळीकडे शून्य सोडायची सोय केली. पडद्यावर ५१२ वेळा @ आलं. या सहा बिटांत शून्य म्हणजे @, रिकामी जागा नव्हे. ते बदललं, तरी खालच्या अर्ध्यात कचरा राहिला. रीसेट जेमतेम दहा मिलिसेकंद टिकत होता आणि वर्तुळाची फेरी वीसची. मोठा कपॅसिटर लावून तो सेकंदभर केला.

२१ एप्रिल

आज खऱ्या कामाला लावलं. लॅपटॉपवर सिमएच (जुन्या कॉम्प्युटरांची नक्कल करणारा प्रोग्राम), त्यात पीडीपी-११ हा जुना कॉम्प्युटर आणि युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमची सहावी आवृत्ती. नाव मोठ्या लिपीत टाकलं की जुनं युनिक्स ओळखतं की पलीकडे फक्त मोठी अक्षरं असलेलं टर्मिनल आहे, आणि त्याप्रमाणे वागतं. ते होताना बघून फार आनंद झाला. माझ्यासारख्या पडद्यासाठी कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी सोय करून ठेवली होती.

पूर्ण पडदा भरायला १७ सेकंद लागतात. यादी मागवायच्या आधी विचार करावा लागतो. मेनफ्रेमवाल्यांनी वेगळा रस्ता का धरला तेही इथे बसून कळतं. आयबीएमच्या १९७१ च्या ३२७० घराण्यात अक्षरं टर्मिनलच्या बाजूलाच भरली जायची आणि एंटर दाबल्यावरच बदललेला मजकूर एकदम जायचा, म्हणजे मोठ्या यंत्राला प्रत्येक कळीसाठी उठावं लागत नसे. त्याआधीच्या २२६० मध्ये तर स्मृती पडद्यात नव्हतीच. नियंत्रक पेटीतल्या निकेलच्या लांब तारेतून ती कंप होऊन धावायची, टोकाला पोचली की पुन्हा सुरुवातीला. तेही वर्तुळच.

कीबोर्डची बाजू मात्र त्या काळची नाही. जुना पीएस/२ कीबोर्ड आणि मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर आहे. ते नंतर बदलणार आहे.

५ मे

देवनागरी करून बघितली. ५ × ७ मध्ये ‘ग’ आणि ‘र’ कसेबसे बसतात, पण वर वेलांटी, खाली उकार आला की ओळीच्या बारा रेघाही अपुऱ्या. शिवाय ‘कि’ मधली वेलांटी साठवायची नंतर आणि दाखवायची आधी. पुढेच फिरणाऱ्या वर्तुळात ते माझ्याने जमलं नाही. आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये जिस्टवर (भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायच्या तंत्रावर) काम करणाऱ्यांनी हे ऐंशीच्या दशकात मायक्रोप्रोसेसर घेऊन सोडवलं. त्यांच्यासमोर काय होतं याचा अंदाज आज आला. दोन रविवार गेले, ते वाया गेले असं मी धरत नाही.

खर्च: शिफ्ट रजिस्टर ४,५३०, बाकीच्या लहान चिप ९००, यूआर्ट दोन (एक उलटी बसवून जाळली) ७००, ईईप्रॉम २५०, पीसीबी, सॉकेट आणि तार १,४००, मॉनिटर ४००. एकूण ८,१८० रुपये. वेळ साधारण १४० तास, त्यातले साठ त्या एका क्लॉकच्या तारेवर.

उरलेलं काम: कर्सर ओळीच्या शेवटच्या घरात असला की लुकलुकत नाही. जुळणीचा ठोका आणि ओळ संपल्याचा ठोका एकाच वेळी येतात असा संशय आहे. पुढच्या शनिवारी स्कोप पुन्हा मिळणार आहे.